सात नंबरच्या धक्क्यावरची चिमणी

त्या सकाळी इतकं धुकं होतं की जिन्यात एक खोकं माझ्याशी बोललं, तरी मला फारसं नवल वाटलं नाही.

"समोर कोणी आहे का?" खोक्याने विचारलं.

"आहे," मी म्हटलं.

"मग बाजूला व्हा ना... माझे हात भरलेत."

"बाजू असेल तर होईन. जिना बघितलात का केवढासा आहे?"

"मला फक्त पुठ्ठा दिसतोय."

बंदराच्या नियंत्रण-खोलीकडे जाणारा आमचा जिना गोल आणि अरुंद. एका वेळी एकच माणूस, तोही सडपातळ. चढणाऱ्या-उतरणाऱ्याने आधी हाक घालायची, हा तिथला नियम; खोक्याने ती अर्ध्या जिन्यात पोचल्यावर घातली होती. मी चहाची किटली भरायला खाली निघाले होते. आता मागे फिरायलाही जागा नाही, म्हणून किटली पोटाशी धरली आणि उलट्या पावलांनी वर चढू लागले.

"पुढची पायरी फुटकी आहे. पाय भिंतीकडे टाका."

"भिंत कुठल्या बाजूला?"

"दोन्ही बाजूंना."

खोकं हसलं. हसताना किंचित डुगडुगलं.

"तुम्ही सगळ्यांना असंच वर नेता?"

"छे. खोक्यांनाच फक्त."

वर आल्यावर त्याने ओझं जमिनीवर टेकवलं, तेव्हा कुठे मला चेहरा दिसला. केस धुक्याने ओले, चष्म्यावर बाष्प. मला तो दिसत होता. त्याला मी काही दिसत नसणार. चष्मा शर्टाला पुसायला गेला तर शर्टही ओलाच. मी बाबांच्या टेबलावरचा कोरडा फडका पुढे केला. त्याने काचा पुसल्या, चष्मा डोळ्यांवर चढवला, माझ्याकडे पाहिलं... आणि अर्धा क्षण फडका त्याच्या हातातच राहिला.

"आवाजावरून उंच वाटल्या होतात," म्हणाला.

"मी दोन पायऱ्या वर होते."

खिडकीपाशी बाबा उभे होते. त्यांनी मागे न वळताच विचारलं, "पाहुणे आले वाटतं?"

तेव्हापासून तो पाहुणाच झाला. नवा कॉम्प्युटर बसवायचा, चालू करून द्यायचा आणि जुना उचलून न्यायचा, एवढ्यासाठी त्याला पाठवलं होतं. बंदरातले सगळे बाबांना मास्तर म्हणत, तसा तोही पहिल्या तासातच म्हणू लागला.

मास्तरांचा एक फलक होता. खडूचा नव्हे, प्रोग्रॅम. कुठल्या धक्क्याला कुठलं जहाज लागलंय, भरती कधी, ओहोटी कधी, हे सगळं पडद्यावर ओळीओळीने दाखवणारा. जहाजं आत-बाहेर नेणाऱ्या पायलटांच्या खोलीत, फाटकापाशी, वर आमच्याकडे, सगळीकडे तेच जुने टर्मिनल होते: काळा पडदा, हिरवी अक्षरं, खाली कीबोर्ड आणि मागून निघालेली एक केबल. या टर्मिनलना स्वतःची अक्कल नसते. कॉम्प्युटर सांगेल ते अक्षर सांगेल त्या घरात दाखवायचं आणि दुसरा हुकूम येईपर्यंत तसंच धरून ठेवायचं. मी त्याच खोलीत जहाजांच्या येण्या-जाण्याच्या नोंदी करायची. लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून कीबोर्ड बडवला, मोठेपणी त्यांच्या शेजारी बसून शिकले. त्यांचा प्रोग्रॅम वाचू शकणारं त्या बंदरात दुसरं कोणी नव्हतं.

दुपारपर्यंत पाहुण्याने नवा कॉम्प्युटर जुन्याशेजारी मांडला. दोन्ही युनिक्स प्रणालीवर चालणारेच, पण दोन वेगळ्या घरचे. एकाला एक टर्मिनल जोडला, दुसऱ्याला त्याच जातीचा दुसरा. दोन्हींवर बाबांचा फलक. शेजारी शेजारी ठेवलेले दोन पडदे, हुबेहूब.

"चला, एक जहाज आणू," बाबा म्हणाले.

काही तपासायचं असलं की ते नेहमी एकच जहाज आणत. नाव 'चिमणी', धक्का सात. घरात ते मला चिमणी म्हणत. मी चांगली थोराड झाल्यावरही.

दोन्ही पडद्यांवर सातव्या ओळीत चिमणी उमटली. मग बाबांनी तिला बंदराबाहेर काढलं. जुन्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरून ती गेली. नव्याच्या पडद्यावर... बसून राहिली.

बाबांनी पुन्हा तपासलं. प्रोग्रॅमच्या हिशेबी सात नंबरचा धक्का रिकामा होता. पडद्यावर चिमणी होती.

"बघा पाहुणे," बाबा हसून म्हणाले, "हिला घालवायचं म्हटलं की हे असं. हलतच नाही."

"बाबा!"

"मी जहाजाबद्दल बोलतोय गं."

पाहुणा पडद्याकडे बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते. "राहू दे ना मास्तर," तो म्हणाला. "कुणाला अडचण होत नाहीये."

बाबांनी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं. मी किटली घेऊन खाली पळाले. उतरताना हाक घालायचीही विसरले.

संध्याकाळी घरी जाताना त्यांनी मला छेडलं असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही. आम्ही बंदराच्या तटावरून चालत गेलो, भोंगा मधूनच वाजत होता, आणि ते म्हणाले, "उद्या बघू त्या चिमणीचं." मी म्हटलं, "हं." आमचं दोघांचं बोलणं नेहमी एवढंच असे.

दुसऱ्या दिवशी मी थोडी उशिरा निघाले. बाबा नेहमीच्या वेळेला त्याच तटावरून येत होते. वाटेतल्या एका बाकावर बसले. बुटाची नाडी बांधायला बसले असतील, असं बघणाऱ्याला वाटलं. त्यांचं हृदय तिथे थांबलं.

*

मी कामावर परतले तेव्हा खोली तशीच होती. जुना कॉम्प्युटर, नवा कॉम्प्युटर, दोन पडदे. नव्याच्या पडद्यावर सातव्या ओळीत चिमणी.

कोणी त्याला हात लावला नव्हता. रोजच्या खऱ्या जहाजांची नोंद त्यावर होत होती, ओळी बदलत होत्या. सातवा धक्का मात्र दुरुस्तीसाठी बंद ठेवला होता, म्हणून ती ओळ तशीच राहिली होती. टर्मिनलचं बटण एकदा खालीवर केलं की गेलं असतं सगळं. ती अक्षरं दुसरीकडे कुठेच नव्हती. बाबांच्या बोटांनी शेवटचं लिहिलेलं फक्त त्या काचेच्या मागे होतं.

मी पडद्याच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवली: 'बंद करू नये.' कारण लिहिलं नाही. पाहुण्याने ती वाचली. कारण विचारलं नाही.

तेवढ्यात फोन वाजला. रोज सकाळी वाजायचा तोच. खडकावरच्या दीपगृहातले काका.

"दीपगृहातून बोलतोय. धुकं दाट. पाण्यातल्या दुसऱ्या बोयापर्यंत दिसतंय, पुढे सगळं दूध. मास्तर आहेत का?"

बाबांशी चार शब्द बोलल्याशिवाय काका फोन ठेवत नसत. मी तोंड उघडलं. शब्द कुठला वापरायचा हे ठाऊक होतं. साधा, दोन अक्षरी, सगळे वापरतात तो.

"ते... जागेवर नाहीत, काका."

"बरं," काका जरा थांबून म्हणाले. "उद्या करतो."

फोन ठेवला तेव्हा पाहुणा केबल गुंडाळत होता. गुंडाळून झालेली केबल त्याने सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

*

थोरल्या साहेबांच्या खुर्चीवर आमच्याकडे बाई होत्या. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. त्या जिन्याच्या तळाशी "येतेय रे!" अशी आरोळी ठोकून वर आल्या आणि धाप टाकत खुर्चीत बसल्या.

"पोरी, तुझ्या बाबांचा फलक मला हवाय. पण मला पडद्यावर जहाजं हवीत, भुतं नकोत. निघून गेलेलं जहाज दिसत राहिलं, तर पायलट आत येणाऱ्याला बाहेरच उभं करेल. ह्या धुक्यात?"

"शोधतोय आम्ही."

"महिनाअखेरपर्यंत शोधा. जुनं यंत्र आता दम टाकतंय, त्याचे सुटे भाग कुणी करत नाही. नव्यावर हा नीट चालला तर उत्तम. नाहीतर तयार फलक मागवते बाहेरून. मास्तरांचा मान ठेवूनच सांगतेय हं."

त्या गेल्या. मी बाबांच्या खुर्चीत बसले नाही; तिच्या शेजारच्या माझ्या स्टुलावर बसले.

पाहुणा म्हणाला, "लायब्ररीतच घोळ आहे."

ही लायब्ररी म्हणजे पडदा रंगवण्याच्या तयार कामांचा संच. 'हे अक्षर तिथे लिही', 'ही ओळ पूस' असं प्रोग्रॅमने तिला सांगायचं, आणि ती टर्मिनलला समजेल अशा भाषेत ते पाठवते. ती मोठी काटकसरी असते. पडद्यावर आत्ता काय आहे याचं एक चित्र ती मनात धरून ठेवते, आणि जेवढं बदललं तेवढंच पाठवते. जे आधीच तिथे आहे असं तिला वाटतं, त्याबद्दल ती पुन्हा चकार शब्द काढत नाही.

"बाबांचा प्रोग्रॅम इतकी वर्षं ह्याच लायब्ररीवर चालला," मी म्हटलं.

"ह्याच नाही. तिच्या थोरल्या बहिणीवर. नव्या यंत्रात धाकटी आहे."

"मग धाकटीचा कान धरा."

"धरतो. आधी कुठे आहे ते दाखवा."

धाकटीचे कान बरेच निघाले. जुन्या यंत्राचा टर्मिनल तेवढ्यापुरता नव्याला जोडून आम्ही ते शोधत होतो; चिमणीच्या पडद्याला हात लावला नव्हता. एकदा खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या शेवटच्या घरात अक्षर लिहिलं की सबंध फलक एक ओळ वर सरकायचा. थोरली ते गुपचूप सांभाळून घ्यायची, धाकटीला वेगळं सांगावं लागलं. एकदा बाणाची कळ दाबली की प्रोग्रॅम चक्क बंद व्हायचा. कधी व्हायचा, कधी नाही. मी तीच कळ दाबून दाबून वैतागले.

पाहुण्याला कारण सापडलं. बाणाची कळ एक अक्षर पाठवत नाही, लागोपाठ तीन पाठवते. आणि त्यातलं पहिलं म्हणजे 'बाहेर पड' या कळीचंच अक्षर. जुनं यंत्र पहिलं अक्षर आलं की जरासं थांबून बघायचं, मागून आणखी काही येतंय का. नवं थांबतच नव्हतं.

"म्हणजे तुमचं यंत्र उतावळं आहे," मी म्हटलं. "अर्धं ऐकून घेतं आणि चालायला लागतं."

"माझं कुठे? मी यंत्राचा आहे."

"मग तुम्हीही उतावळे?"

त्याने कीबोर्ड जवळ ओढला. एक आकडा बदलला, प्रोग्रॅम पुन्हा बांधला. "शिकवलं त्याला थांबायला."

"किती थांबेल?"

"तुम्हाला लागेल तेवढं," तो म्हणाला. तेव्हा तो पडद्याकडे बघत नव्हता.

मी बाणाची कळ दाबली. पुन्हा दाबली. काहीतरी करायला हवंच होतं.

*

आईने मला सांगितलं नव्हतं, मीही तिला विचारलं नव्हतं, पण ती अजून रोज दोन डबे भरत होती. मी दोन्ही घेऊन यायची. एक खायची, दुसरा संध्याकाळी तटावरच्या पक्ष्यांपुढे रिकामा करून घासून घरी न्यायची. एका दुपारी मी दुसरा डबा पाहुण्यापुढे सरकवला.

त्याने झाकणावरून बोट फिरवलं. पोचा आलेलं जुनं झाकण.

"हा मास्तरांचा आहे."

"हो."

"मग नको. ...म्हणजे भूक आहे. पण नको."

"उपाशी राहून कोड वाचाल, तर आणखी चुका काढून ठेवाल."

"तुम्ही एक घास घेतला यातला, तर मी खाईन."

मी घेतला. आईने मीठ कमी घातलं होतं, बाबांना चालायचं तेवढंच. तो घास गिळायला मला बराच वेळ लागला. पाहुणा तोवर खिडकीबाहेर बघत राहिला. बाहेर धुक्याशिवाय काही नव्हतं, तरी फार लक्ष देऊन बघत होता.

चिमणी मात्र हलत नव्हती. दुसऱ्या जहाजांचंही तेच. एक-दोन अक्षरांचं नाव पुसताना जायचं, पण त्याहून लांब नाव किंवा मधला एखादा सलग तुकडा पुसायचा झाला की राहायचा. रोज संध्याकाळी पडद्यावर निघून गेलेल्या जहाजांची शेपटं साचत. खरी जहाजं त्यावर येऊन ती झाकून टाकत. सातवी ओळ सोडून.

"एक उपाय आहे," एका दुपारी पाहुणा म्हणाला. "प्रत्येक बदलाला सगळा पडदा पुसायचा आणि पहिल्यापासून लिहायचा. एका ओळीचं काम. आजच संपेल."

माझं बोट कीबोर्डवर थांबलं.

"पडदा लुकलुकेल," मी म्हटलं. "धुक्यात पायलटांची नजर त्याच्यावरच असते. मधेच सगळं काळं झालं तर..."

हे खरं होतं. सगळं खरं नव्हतं.

त्याने सातव्या ओळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "हो," तो म्हणाला. "लुकलुकेल."

त्या एका ओळीने तो मोकळा झाला असता. सामान बांधून घरी गेला असता. तो उपाय त्याने पुन्हा तोंडातून काढला नाही. दुसऱ्या दिवशी गोदामातून धूळ खात पडलेला एक टर्मिनल छातीशी धरून आला. जिन्याच्या तळापासून शिस्तीत हाक घालत.

"तोडफोड ह्याच्यावर करू," म्हणाला. "तो राहू दे तिथे."

तो बाहेर गेल्यावर मी चिमणीच्या पडद्याजवळ गेले. मागच्या बटणावर बाटलीचं बूच उपडं घालून चहूबाजूंनी चिकटपट्टी लावलेली होती. कुणाचा चुकून हात लागू नये म्हणून. पट्टीच्या कडा कात्रीने सरळ कापल्या होत्या.

"हे कोणी केलं?" तो आल्यावर मी विचारलं.

"काय? ...ते होय. धूळ जाते."

"बटणात?"

"बटणात फार धूळ जाते," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला.

मी हसले. त्या बाकानंतर पहिल्यांदा. हसता हसता डोळे भरून आले, तर त्याने बाबांच्या टेबलावरचा तोच फडका माझ्यापुढे केला. या वेळी कोरडं काही उरलं असेल तर तोच होता.

*

सापडलं ते अगदी साध्या जागी.

आम्ही केबलच्या मधेच एक जोड दिला आणि कॉम्प्युटर टर्मिनलला प्रत्यक्षात काय पाठवतो ते एकेक अक्षर उतरवून घेतलं. आधी जुन्याचं. जहाज पुसायचं म्हणजे त्याच्या नावावर तो मोकळी जागा लिहायचा. एक मोकळं घर, दुसरं मोकळं घर, तिसरं... नाव संपेपर्यंत. मग नव्याचं. नवा एवढे कष्ट घेत नव्हता. एकच छोटा हुकूम पाठवायचा: 'इथून इतकी घरं पूस.'

"आणि आपल्या टर्मिनलला हा हुकूम येतच नाही!" पाहुणा खुर्चीतून उठला. "जुन्या जातीचे आहेत ते. ऐकतात आणि सोडून देतात. लायब्ररीला वाटतं पुसलं. पडद्याला काही कळलेलंच नाही. बघ, हे बघ ना!"

'बघ' म्हणाला होता. त्याच्या लक्षात आलं. मी "बघतेय," एवढंच म्हटलं आणि जरा सरकून त्याला जागा दिली.

"पण मग जुनं यंत्र हा हुकूम का वापरत नाही?" मी विचारलं. "थोरलीलाही येत असणार की."

प्रत्येक यंत्रात टर्मिनलांचं एकेक वर्णन ठेवलेलं असतं. अमक्या जातीच्या टर्मिनलला काय काय जमतं, ते. लायब्ररी तेच वाचून ठरवते, काय मागायचं. आमच्या टर्मिनलच्या वर्णनाचं नाव दोन्हीकडे एकच होतं. नाव एकच म्हणून आम्ही आत डोकावलोच नव्हतो. प्रोग्रॅम तपासला, लायब्ररी उलटीपालटी केली, केबल बदलल्या... हे नाही.

आता दोन्ही वर्णनं शेजारी शेजारी मांडली. नव्यातलं छापील, जसंच्या तसं. जुन्यातून काही गोष्टी काढून टाकल्या होत्या. हा हुकूम नाही, तो नाही, पलीकडचा नाही. हे टर्मिनल बंदरात पहिल्यांदा आले असतील तेव्हा कधीतरी, त्यांना खरोखर काय जमतं ते एकेक करून बघून, बाबांनी जे जमत नव्हतं ते वगळलं होतं. मग विसरून गेले असतील. सांगण्यासारखं काही केलंय असं त्यांना वाटलंच नसणार.

"जे जमत नाही ते मागायचंच नाही," पाहुणा हळूच म्हणाला. "केवढं सोपं."

मला बाबांचं तटावरचं चालणं आठवलं. शाळेतून रडत आले त्या दिवशी, एक लग्न ठरता ठरता मोडलं त्या दिवशी, नोकरी लागली त्या दिवशी... त्यांनी मला कधी 'काय झालं, सांग' म्हटलं नाही. शेजारी चालत राहिले. मला जमत नाही हे त्यांना ठाऊक होतं.

*

मोठ्या बाई खूश झाल्या. जुन्या यंत्रातलं वर्णन नव्यात नेलं, गोदामातल्या टर्मिनलवर फलक पुन्हा सुरू केला. लांब नावाचं जहाजही अलगद पुसलं जाऊ लागलं.

"मास्तरांचा फलक राहिला," त्या म्हणाल्या. आणि पाहुण्याला म्हणाल्या, "तुम्ही सुटलात."

जुनं यंत्र आता किनाऱ्याने पुढच्या एका लहान बंदराला द्यायचं होतं. त्यांच्याकडे तेवढंही नव्हतं. तीन नंबरच्या धक्क्याला मालाची बोट लागली होती. दुपारच्या भरतीला सुटणार. यंत्र तिच्यात चढलं. त्याच्यासोबत पाहुणाही जाणार.

"तिथून?" मी विचारलं.

"तिथून पुढे कुठे पाठवतील, काय सांगावं." तो थांबला. नेहमीसारखा अर्धा क्षण. मग आणखी थोडा. "तुला काही... सांगायचं होतं?"

होतं.

"आईने डबा दिलाय," मी म्हटलं. "बोटीवर खा."

"बरं," तो म्हणाला.

त्याने पिशवी खाली ठेवली आणि बाह्या सरसावल्या. "एक काम राहिलंय. हा पडदा." चिमणीचा. "त्यामागे अजून नव्या यंत्राचं आधीचं, चुकीचं वर्णन वाचलेला प्रोग्रॅम चालू आहे. तो बंद करून नवा सुरू केला, तर सुरू होतानाच तो सगळा पडदा पुसतो. एका फटक्यात. तसं नको."

"मग?"

"गोदामातल्या टर्मिनलमागे दुरुस्त प्रोग्रॅम चालू आहे. दोन्हीकडे फलक तोच, सातवी ओळ सोडून. मी फक्त केबल काढून इकडे लावतो. पडदा बदलला हे यंत्राला कळणारच नाही." त्याने केबल काढली, दुसरीकडे खोचली, स्क्रू पिळले. पडद्यावर काहीही हललं नाही. "आता सातव्या धक्क्यावर चिमणी आहे हे यंत्राला माहीत नाही. जी नाहीच, तिला ते घालवू शकत नाही. तू आधी तिला आण. मग पाठव." मग घाईने म्हणाला, "किंवा नको पाठवूस. हा टर्मिनल बिघडलाय असं मी बाईंना सांगतो. राहू दे असाच."

मी बाबांच्या खुर्चीत बसले.

जहाज: चिमणी. धक्का: सात. हिरव्या अक्षरांवर तीच हिरवी अक्षरं उमटली. डोळ्यांना काहीच दिसलं नाही. पण आता ती खरोखर तिथे होती. यंत्राच्या मनात, पडद्यावर, दोन्हीकडे. मी हात मांडीवर घेतले. तो मागे उभा होता, त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

मग मी तिला बंदराबाहेर काढलं.

केबल जुनी, संथ. मोकळी घरं एकामागून एक आली. पहिलं अक्षर गेलं, मग पुढचं. शेवटचं गेलं तेव्हा सातवा धक्का नुसता काळा राहिला आणि त्या काळ्या काचेत मला माझा चेहरा दिसला. मागे त्याचा.

फोन वाजला.

"दीपगृहातून बोलतोय. धुकं उठतंय. चौथा बोया दिसला. मास्तर आहेत का?"

रोजचं उत्तर जिभेवर तयार होतं.

"काका," मी म्हटलं. "बाबा गेले."

पलीकडे लाटांचा आवाज येत होता.

"हो गं पोरी," काका म्हणाले. "मला त्याच आठवड्यात कळलं होतं. बोटवाल्यांनी सांगितलं."

"मग रोज का विचारत होतात?"

"एकदम विचारायचं थांबलो असतो, तर तुला एकटीलाच ते धरून बसावं लागलं असतं." त्यांनी घसा साफ केला. "उद्या फोन करतो. तुझ्याशीच बोलेन."

मी फोन ठेवला. वळले तर पाहुणा खोलीत नव्हता. त्याची पिशवी नव्हती, टेबलावरचा डबाही नव्हता. तो जिन्याच्या तोंडाशी पोचला होता, पाठमोरा, पिशवी पोटाशी धरून. मला मोकळं रडता यावं म्हणून निघाला असणार. तसाच होता तो. खाली बोटीने पहिली शिटी दिली.

त्याने जिन्यात वाकून, शिस्तीने, नियमाप्रमाणे हाक घातली.

"उतरतोय... समोर कोणी आहे का?"

आणि थांबला. उत्तर यायला लागतो त्याहून थोडा जास्त.

"मागे आहे," मी म्हटलं. आवाज फुटत होता, तरी मोठ्याने म्हटलं. "मी आहे. जाऊ नकोस."